उकळलेली तार

माझ्या जन्माच्या वेळी आईचं नाक पिकलं. बाळंतपणाचा आणि नाकाचा काय संबंध, हे मी विचारायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. दोष माझाच होता. वडील दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी तिच्या नाकातली फुली काढली, जखम धुऊन बरी केली आणि पुन्हा काही फुली घालू दिली नाही. भोक बुजलं. तिच्या आईनं दिलेली मोत्यांची नथ मग अठरा वर्षं कापसात गुंडाळून डब्यात पडून राहिली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी कॉलेजात जायला लागले होते आणि माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न नागपूरजवळच्या कन्हान गावातल्या एका घरी ठरलं. वैशाखातला मुहूर्त निघाला त्याच संध्याकाळी आईनं जाहीर केलं, की लेकीच्या लग्नात ती नथ घालणार. वडील म्हणाले, चापाची घाल. पण चापाची नथ तिनं एकदा मामाच्या लग्नात घातली होती. पंगतीत वाढता वाढता ती वरणात पडली आणि नेमकी मुलीच्या बापाच्या वाटीत निघाली. नातेवाइकांनी हे तिला कधीच विसरू दिलं नव्हतं. ती म्हणाली, भोक पाडूनच घालीन, नाहीतर मांडवात येणारच नाही. आई असं बोलली की ते खरं असायचं, म्हणून आम्ही सगळेच घाबरलो.

वडिलांची भीती वेगळी होती. सोनारानं टोचलेले आणि पिकलेले कान ते रोज धूत असत. त्यांच्या मते नागपुरात सिंहापेक्षा सोनार घातक होता. त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, हे सोनाराचंच काम, फक्त स्वच्छ सोनार शोधा. हा सल्ला वडिलांनी फारच मनावर घेतला. सोन्याची बोटभर तार आणली, सिरिंजा उकळायच्या भांड्यात वीस मिनिटं उकळली, स्टीलच्या डबीत बंद केली आणि डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. एका पिशवीत ती डबी, स्पिरिटची बाटली, कापूस आणि लाइफबॉय. दुसऱ्या दिवशी वडील, आई, मी आणि ही पिशवी अशी वरात इतवारीच्या बाजारात निघाली.

पहिल्या सोनाराला वडिलांनी नखं दाखवायला सांगितली. तो तंबाखू चोळत होता, त्यानं तो तळहातच पुढे केला. दुसऱ्यानं आमच्यासमोर एका पोरीचा कान टोचला आणि त्याआधी तारेचं टोक ओठांनी ओलं केलं. वडिलांनी त्याला जंतूंची माहिती द्यायला सुरुवात केली.

"सोन्याले कुठं जंतू लागते गा?" तो म्हणाला.

"सोन्याले नाही लागत. तुह्या तोंडाले लागते," वडील म्हणाले, आणि आम्हाला त्या गल्लीतून जरा घाईनंच निघावं लागलं. तिसऱ्याच्या गादीवर मांजर झोपलं होतं. त्याचं बाकी सगळं बरं होतं, मांजरसुद्धा स्वच्छ होतं, पण वडील पायरी चढलेच नाहीत. हातगाड्यांमधून वाट काढताना आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता. ती मला म्हणाली, की हे मला पाहायला आले तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले होते.

चौथा सोनार आम्हाला भांड्यांच्या बाजारामागे सापडला. तो जेवायला बसण्याआधी साबणानं हात धूत होता, थेट कोपरापर्यंत. वडील दुकानासमोर उभे राहून त्याचं अख्खं जेवण पाहत राहिले. त्यानंही एकदा भाकरी विचारली. जेवण झाल्यावर वडिलांनी आपण कंपाउंडर असल्याचं सांगून आपल्या अटी सांगितल्या आणि त्या भल्या माणसानं सगळ्या कबूल केल्या. आमच्या साबणानं पुन्हा हात धुतले. बोटांना स्पिरिट लावलं. आईच्या नाकावरची जुनी खूण शोधून तिथं शाईचा ठिपका दिला. तरी वडील म्हणाले, ठिपका अर्धं सूत खाली पाहिजे. तेव्हा मात्र त्याचा पारा चढला.

"दिवसभर लोकायले सुया टोचता, मंग बाईले तुम्हीच काहून नाही टोचत?"

वडील बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

"हिले टोचतानी माहा हात कापते," ते शेवटी म्हणाले.

आईला टायफॉइड झाला होता तेव्हा इंजेक्शन द्यायला दवाखान्यातली नर्स घरी यायची. मला वाटायचं, तो सरकारी नियम असेल. आईलाही तसंच वाटत असावं, कारण तिनं वडिलांकडे असं पाहिलं, जसं आपण आपल्याच घरात नवीन खिडकी सापडल्यावर पाहू. पण वडिलांचं पुढचं वाक्य तयारच होतं. त्यांना सोनाराचा हात एकदा चालताना पाहायचा होता, दुसऱ्या कुणावर तरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानांत डूल होते, पण नाक कोरं होतं. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे.

मग त्यांनी टोपी काढली आणि स्वतःचा कान पुढे केला. सोनारानं डोक्याला हात लावला, आपल्या गल्ल्याजवळच्या पेटीतून एक तार उचलली आणि वडिलांच्या पाळीतून आरपार काढली. काम अगदी सफाईनं झालं. वडिलांनी 'छान' म्हटलं आणि ते शांतपणे माझ्या अंगावर कोसळले. मी त्यांना गादीवर आडवं केलं. सोनार म्हणाला, की लेकरं कधी पडत नाहीत, मोठीच पडतात, आणि पाणी आणायला उठला.

आईनं त्याचा सदरा धरला.

"आधी माह्यं करून टाका. हे उठले का पुन्हा इचारत बसतीन."

सोनारानं परत हात धुतले. मी चिकटपट्टी सोडवून डबी उघडली. त्यानं लहान पोरांना देतात तसा गुळाचा खडा आईच्या तोंडात दिला आणि डबीतली तार नाकातून आरपार काढून वळवलीसुद्धा. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हसत होती. तेवढ्यात वडिलांनी डोळे उघडले. त्यांनी विचारलं, गूळ झाकलेला होता का.

आईचं नाक सुरेख बरं झालं. वडिलांचा कान मात्र दुसऱ्याच दिवशी फुगला, मग पिकला. रोज शेकडो पट्ट्या बांधणारा माणूस आरशासमोर स्वतःच्या कानाशी झटापट करू लागला. पू गेला तरी पाळीवर सुपारीएवढी गाठ राहिली, आणि लग्नाच्या दिवशी त्यांना तिच्यावर चिकटपट्टी लावून मांडवात उभं राहावं लागलं. कुणी म्हणे नवस केला, कुणी म्हणे बायकोनं चावलं. आई नथ घालून मिरवत होती आणि सगळ्यांत जास्त तीच हसत होती. पंगतीची पानं मांडताना तिनं वडिलांना टोचलंच, की उकळून उकळून आमचा जीव खाल्ला आणि शेवटी तुमचाच कान पिकला.

वडील वाढप्यांना मीठ देत होते. मान वर न करता ते म्हणाले, "उकळलेली तार एकच होती. ते तुह्यासाठी होती."

आईच्या हातातलं पान हातातच राहिलं. डबी मीच उघडली होती, तीही त्यांचा कान टोचून झाल्यावर, आणि माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं. इतक्यात व्याही पंगतीत येऊन बसले. मुलाचे वडील, दिवसभर ज्यांच्यापुढे आम्ही सगळे वाकत होतो. त्यांनी वडिलांच्या कानाकडे बोट दाखवलं आणि पोट धरून हसायला लागले. त्यांच्या शेजारचेही हसले. रीतीप्रमाणे मुलीच्या आईनं अशा वेळी हसायचं असतं, नाहीतर निदान खाली पाहायचं असतं. आई वरणाचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हसू नका, इवाईबुवा," ती म्हणाली. "तो कान हाये म्हणून ही नथ हाये."

व्याह्यांना काही कळलं नाही, पण ते हसायचे थांबले आणि त्यांनी वाटी पुढे केली. आईनं वाकून त्यात वरण वाढलं, आणि नथ जागची हलली नाही.