आषाढातली गैरहजेरी

भोरच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मी भविष्य सांगायला लागलो. हात बघून नव्हे. हातापेक्षा हजेरीपट मला जास्त चांगला वाचता यायचा. मॅट्रिकला बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी एका वहीत लिहायचो. पुढं पूर्वपरीक्षेचे गुण, त्यातून घाणेरड्या अक्षराचे पाच वजा, नियमित हजेरीचे तीन अधिक, बाप शाळेत येऊन भांडून गेला असेल तर आणखी दोन वजा, असं करत करत शेवटी एक आकडा यायचा. निकाल लागला की माझा आकडा आणि छापील आकडा शेजारी शेजारी ठेवून मी ती वही शिक्षकांच्या खोलीत फिरवायचो. एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात लोक मला चहा पाजून आपल्या पोराचं विचारायचे. मी कप खाली ठेवून, डोळे किलकिले करून, "अवघड आहे" म्हणायचो. हे म्हणण्यात फार सुख असतं.

माझं भविष्य खरं ठरायचं, कारण ज्याला मी अवघड म्हणायचो तो पोरगा तिथूनच पुस्तक मिटायचा. हे मला पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा मला ती माझी बुद्धिमत्ता वाटायची.

एका वर्षी वर्गात वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीवरची मुलगी होती. तिच्या वाडीजवळ सातवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून ती भोरात मावशीकडं राहायची. माझं आणि तिचं नववीतच बिनसलं होतं. फळ्यावर मी एक समीकरण सोडवत होतो. मोठ्या ऐटीत दोन्ही बाजूंना एकाच पदानं भाग दिला, आणि उत्तर असं आलं की एक म्हणजेच दोन. मी ते पुसायच्या आत ही उभी राहिली.

"सर, ते पद शून्य होतं. तुमी शून्यानं भागलं."

मी पुण्याच्या पेठेत वाढलेला. म्हटलं, "खाली बस. पुण्यात असं चालतं."

"मग पुण्याला जाऊनच बघाय पायजे," ती म्हणाली आणि बसली.

वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या दिवशी वहीत तिच्या नावापुढं, परीक्षेला दोन वर्षं बाकी असताना, मी एक छोटी वजाची खूण करून ठेवली. एवढ्याशा पोरीवर डूख धरणारा मी माझ्या ओळखीत तरी एकटाच होतो. तिनंही मला माफ केलं नव्हतं. मी प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, आणि देताना माझ्याकडं न बघता फळ्याकडं बघायची.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्षी तिनं पुण्यातल्या एका नामांकित महाविद्यालयात सायन्ससाठी अर्ज करायचं ठरवलं. तिथं बाहेरगावच्या मुलांना थोड्याच जागा असत, आणि निकालाच्या आधीच शाळेकडून एक बंद लखोटा मागवत. आत छापील कागद: विद्यार्थ्याची बुद्धी कशी, चिकाटी कशी, आमच्याकडं टिकेल का. खाली मुख्याध्यापकांची सही. आमच्या मुख्याध्यापकांना लिहिण्याचा कंटाळा. ते म्हणाले, "अहो, भविष्य तुम्ही सांगता, तुम्हीच लिहा. मी सही करतो."

मी हजेरीपट काढला. दर वर्षी आषाढात ही मुलगी सलग एकोणीस-वीस दिवस गायब. का, ते मला चांगलं ठाऊक होतं. त्या बाजूला भाताची लावणी असते. चिखल तयार झाला, रोप हाताला आलं, की घरातली हलणारी सगळी माणसं खाचरात उतरतात. रोप कुणाच्या शाळेसाठी थांबत नाही. आमच्या शाळेत तिकडची जेवढी पोरं होती, ती सगळी त्या दिवसांत गैरहजर असायची, आणि आम्ही शिक्षक रिकाम्या बाकांसमोर बसून निवांत पान खायचो. हे सगळं माहीत असून मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं: "बुद्धी बरी. उपस्थिती दर वर्षी अनियमित. अभ्यासाविषयी आस्था कमी दिसते. आपल्यासारख्या महाविद्यालयात निभाव लागण्याची शक्यता फारशी नाही."

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं, असं मी स्वतःला बजावलं. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. लखोटा मी शिपायाकडं दिला नाही. स्वतः पोस्टात जाऊन पेटीत टाकला, आणि आत पडल्याचा आवाज ऐकून मगच परत आलो.

निकाल लागला. ती शाळेत पहिली आली. नुसती पहिली नाही. माझ्या वहीतल्या आकड्याच्या इतकी पुढं, की त्या वर्षी मी वही फिरवली नाही. कुणी मागितली तर घरी राहिली म्हणायचो. ती माझ्या पिशवीतच असायची.

आठवड्याभरात पुण्याहून पत्र आलं. शाळेच्या अभिप्रायाचा विचार करता सदर विद्यार्थिनीस प्रवेश देता येत नाही. मुख्याध्यापकांनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं, "शाळेच्या अभिप्रायाचा" इथं थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. खोलीत माझ्याखेरीज सहा शिक्षक होते. सहाही जण एकदम आपापल्या वह्या तपासायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आई पहाटेच वाडीवरून निघालेली, पायात वहाणा नाहीत, पदर कमरेला खोचलेला. दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही. मी काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं, आणि सांगताना सही आपली आहे हे सोयीस्करपणे गाळलं.

आई माझ्याकडं वळली.

"मास्तर, दिवाळीला आंबेमव्हराचं तांदूळ कुणाकडनं येत्यात तुमास्नी?"

दर दिवाळीला ती बाई सगळ्या शिक्षकांना नव्या तांदळाची एकेक पुरचुंडी पाठवायची. माझी सगळ्यांत मोठी असायची, कारण पहिल्या वर्षी मीच तिच्या तोंडावर त्या भाताच्या वासाचं एवढं कौतुक केलं होतं की शेजारचे शिक्षक लाजले होते.

"ते कुणी लावलं, ठावं हाय न्हवं? हिनं. त्याच एकोणीस दिसांत. भात गिळताना गैरहजेरी दिसली न्हाई व्हय तुमाला?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला चिडता आलं असतं. मी काहीतरी नियमाचं बोलायला लागलो, कागदावर हजेरीच मागतात, वगैरे. तिनं हात वर करून मला थांबवलं, जसं मी वर्गात पोरांना थांबवायचो.

"ते ऱ्हाऊ द्या. लिवलंय तुमी, पुसायचं बी तुमीच."

मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथं मला हुकूम दिला: उद्याच्या पहिल्या गाडीनं पुण्याला जा, यांना घेऊन. माझी रजा मांडू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मांडा. तुम्हाला गैरहजेरीची फार काळजी असते.

एस.टी.त तिघांच्या बाकावर आई मध्ये बसली, मुद्दाम. कापूरहोळला गाडी थांबली, मी चहा आणू का विचारलं. आईनं नको म्हटलं, मुलीनं ऐकलंच नाही असं केलं. मी एकट्यानं चहा घेतला, तोंड भाजलं. कात्रजच्या घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. त्यात मी उदार होतो, थोडा गैरसमजाचा बळी होतो, आणि शेवटी प्रवेशाचं काम बघणारे प्राध्यापक माझा हात हातात घेत होते.

प्रत्यक्षात प्राध्यापकांनी आम्हाला तास दीड तास बाहेर उभं केलं. आत गेलो तर त्यांच्या टेबलावर माझा कागद आधीच काढून ठेवलेला. मला बसा म्हटलं नाही.

"हे अक्षर तुमचं?"

मी हो म्हटलं आणि माझं भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यात त्यांनी तोडलं.

"आषाढात ती कुठं असते, हे लिहिताना तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग लिहिलं का नाही?"

याचं खरं उत्तर शून्यानं भागलेल्या एका समीकरणात होतं. ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, जागा कमी होती कागदावर. प्राध्यापकांनी कागद उलटा केला. पाठ कोरी होती. ती बोटानं ठोकून ते म्हणाले, "आता भरपूर आहे. इथं बसून लिहा. यादी लागलेली आहे. उद्यापर्यंत कुणी आलं नाही आणि जागा सुटली, तर हा कागद बघेन. नाहीतर नाही. आणि तुमच्या शाळेवर यापुढं किती विश्वास ठेवायचा, तेही बघेन."

मला टेबलाच्या कडेला स्टूल मिळालं. मी दौतीत टाक बुडवला आणि एकदम सैल सुटलो. असामान्य प्रज्ञा, लिहिलं. असा विद्यार्थी शाळेच्या इतिहासात झाला नाही, लिहिलं. तिसऱ्या ओळीत तिची तुलना मी मोठमोठ्या गणितज्ञांशी करणार होतो, तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला. ती वाचत होती.

"सर, हे खोडा."

"अगं, तुझ्याच भल्याचं..."

"आधी खोटं लिवलं, आता बी खोटंच. फरक काय पडला? गैरहजर का हुते तेवढंच लिवा. बाकीचं माझं मार्क सांगत्याल."

प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा कान आमच्याकडं होता. मी दोन ओळी खोडल्या. तिनं सांगितलं तसं लिहिलं: दर आषाढात घरच्या भाताच्या लावणीसाठी एकोणीस दिवस शेतात. परत आल्यावर बुडालेला अभ्यास स्वतः भरून काढला, कुणी शिकवला नाही. पूर्वीचा अभिप्राय लिहिताना हे मला माहीत होतं.

शेवटचं वाक्य लिहिताना टाक अडला. ती म्हणाली, "शाई हाय की अजून."

लिहिलं. वाटलं, सुटलो. तर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईनं विचारलं, काय लिवलं ते वाचून दाव. मुलीनं वाचलं. आईनं माझ्याकडं बोट केलं.

"आन भात खाल्ल्याचं?"

मी प्राध्यापकांकडं बघितलं. हा गृहस्थ मला वाचवेल असं उगीच वाटलं. ते म्हणाले, "तेही लिहा."

तर माझ्या हयातीत मी लिहिलेल्या सरकारी-निमसरकारी कागदांमध्ये असं एक वाक्य आहे: "सदर लावणीचा तांदूळ प्रस्तुत शिक्षकाने दर वर्षी स्वीकारला व खाल्ला आहे." खाली सही, हुद्दा. प्राध्यापकांनी तो कागद सावकाश वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मुलीला त्यांनी दोन गणितं तोंडी घातली, तिनं ती सोडवली, मग त्यांनी दार दाखवलं आणि म्हणाले, पत्र येईल.

परतीच्या गाडीत आई पुन्हा मध्ये.

पत्र चौथ्या दिवशी आलं. कुणीतरी मुंबईला गेलं होतं, जागा सुटली होती, ती हिला मिळाली. शाळेत पेढे आले. माझ्यापर्यंत पुडा पोचला तेव्हा त्यात कागदच उरला होता. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्या दिवाळीला तांदळाच्या पुरचुंड्या आल्या, त्या सहा. शिपायानं सहा जणांपुढं ठेवल्या आणि माझ्यापुढून मोकळ्या हातानं गेला. पुढचा महिनाभर मधल्या सुट्टीत सहा डबे उघडायचे, खोलीभर तो वास पसरायचा, आणि मी माझी पोळी घेऊन व्हरांड्यात जायचो. हवा चांगली असते, म्हणायचो.

वही मी बंद केली असं सांगितलं तर शोभून दिसेल. पण केली नाही. फक्त आकडा काढला की कुणाला दाखवत नसे, आणि हजेरीचे गुण धरायचं सोडून दिलं. त्यानंतर माझी भविष्यं जास्त चुकायला लागली आणि पोरं जास्त पास व्हायला लागली.

पुढच्या आषाढात कुठल्याशा यादीच्या कामावर मला वेल्ह्याकडं पाठवलं. रस्ता संपला तिथून पुढं बांधाबांधानं चालत होतो, डोक्यावर छत्री, हातात वहाणा. खाली खाचरात बायका ओळीनं वाकून लावणी करत होत्या. ओळीच्या टोकाला ती. पुण्यातली कॉलेजं सुरू होऊन महिना झाला असेल. आणि माझं सवयीचं डोकं, काय सांगू, लगेच मोजायला लागलं: आजचा एक दिवस, उद्याचा एक...

तिनं मान वर केली. मला ओळखलं. गुडघाभर चिखलात, हातात रोपाची मूठ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लिवा सर. आज बी गैरहजर."

उत्तर द्यायला मी वळलो, पाय बांधावरून सुटला, आणि छत्रीसकट मी त्यांच्या खाचरात मांडीपर्यंत गेलो. बायका पोट धरून हसल्या. ती हसली नाही. मी कुठं पडलो, तिथली रोपं मोडली का, एवढं तिनं नीट बघितलं. मोडली होती. मी बाहेर यायची वाट न बघता ती माझ्या पायाशी वाकली आणि मोडलेली उपटून तिथं नवी लावायला लागली. मला बाजूला सरा असंसुद्धा म्हणाली नाही. माझ्या पायांना वळसा घालून लावत गेली.