कुंकवाचा चाकू

शहागंजात चाकूवाल्याचं मनगट मी धरलंच नव्हतं. ज्या शौर्याबद्दल माझा सत्कार झाला, ते घडलंच नाही. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. उस्तादांना मात्र न सांगताच कळलं.

उस्ताद म्हणजे पोलीस मैदानावर आम्हाला चाकूपासून बचाव शिकवणारे हवालदार. त्यांचा चाकू म्हणजे एक लाकडी उलथनं. ते ओल्या कुंकवात बुडवून, तंबाखू मागत मागत जवळ यायचे आणि पोटावर दोन-तीन रेघा ओढून मोकळे व्हायचे. "हं पैलवान, आता आतडी गोळा करा." घरी बायका बनियनवरच्या कुंकवाचा जाब विचारायच्या, ते वेगळंच.

शिकवण एवढीच, की मागं सर आणि मधे काहीतरी घाल. "जवळ आलेल्याचं मनगट धरायला जाशील तर बोटं जातील. खुर्ची घाल, सायकल घाल, काय नाय तर सासऱ्याला पुढं कर. पळण्यात लाज नाय बावा. टाके घालण्यात लई येळ जातो."

आमच्या ठाण्याच्या साहेबांना ही पळापळी खपत नसे. वार्षिक कवायतीत त्यांना प्रात्यक्षिक लागायचं. हल्लेखोरानं हात डोक्यावर नेऊन फोटो निघेपर्यंत ताटकळायचं, मग शिपायानं त्याचं मनगट पिरगळायचं. उस्ताद म्हणत, "असा शिस्तीचा गुंड सापडला तर त्याला भरती करून घ्या."

शहागंजात भांडण सोडवायला गेलो, तेव्हा एकानं कमरेचा चाकू काढला. मी मागं पळालो आणि उसाच्या रसाचा गाडा मधे ओढला. तो गाड्यावर आदळला, हमालांनी त्याला दाबलं. ठाण्यात साहेबांनी विचारलं, "मनगट धरलंस ना?" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी "हो सर" म्हणून गेलो.

झालं. पळापळी बंद, मनगटाचा धडा सक्तीचा. उस्तादांना गोदामात लाठ्यांना तेल लावायला बसवलं. पुढं एका नव्या शिपायानं खरोखरच चाकूवाल्याचं मनगट धरायला हात घातला. त्याची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

निवृत्त होऊन लासूर स्टेशनला, आपल्या गावी निघाले, त्या दिवशी उस्तादांनी माझा हात घेऊन उताणा केला. "मनगट धरणाऱ्याच्या तळव्यावर एक तरी चीर असते, मियाँ. तुझा तर कोरा हाय."

मी मूठ मिटून घेतली.

"माझं शिकवलेलं तुला कामी आलं, बरं झालं. त्या पोराच्या कानावर घातलं असतंस, तर त्यालाबी आलं असतं." एवढं बोलून उलथनं माझ्या हातात दिलं आणि गेले.

आता ते मैदान माझ्याकडे आहे. सत्काराचा फोटो भिंतीवर, उलथनं कपाटात. फोटोखाली उभा राहून मी नव्या पोरांना मनगट पिरगळायला शिकवतो. साहेब टाळ्या वाजवतात.

उस्तादांना मी एक वाक्य देणं लागतो, तेही या पोरांसमोर: मी पळालो होतो.