काबरीची तिसरी खेप

कोंबडी पाळली की अंडी जमतील न जमतील, किस्से मात्र रोज जमतात! मी भिवंडीत पंधरा वर्षं कोंबड्या पाळल्या. ही गोष्ट ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. आमच्या घरापुढे गल्ली, मागे परस, आणि परसाच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. आमचे हे एसटीत कंडक्टर.

*

काबरी ही ठिपक्यांची कोंबडी मला जनीमावशीने दिली. मावशी पडघ्याकडच्या पाड्यावरची, रानभाजी घेऊन दारावर यायची. सोबत एक कोंबडाही दिला. शेजारच्या शांतावहिनी माझ्याकडून अंडी न्यायच्या. कोंबडा बघून त्यांचा हात थबकला.

"अगं बाई, आता यात जीव असणार!"

मावशी म्हणाली, "जीव हाय, पन निजलेला. कोंबडी बसल्याबिगर जागा व्हत न्हाय."

वहिनींनी पिशवी पुढे केली. "मग निजलाय तोवर चार दे!"

*

काबरी पहिल्यांदा अंड्यांवर बसली तेव्हाची गंमत. उबवायच्या अंड्यांवर मी कोळशाने फुली मारायचे, खायची कोरी ठेवायचे. पाचव्या दिवशी काबरी दाणे टिपायला उठली आणि नेमके हे ड्युटीवरून आले. अंड्यांच्या पाटीत हात घातला तर अंडं गरम!

"आत्ताच घातलंय!" म्हणत ह्यांनी डाग समजून फुली धुतली आणि अंडं तव्यावर फोडलं. आत लाल शिरांचं जाळं! चार दिवस नुसता डाळभात जेवले. पुढे कोरं अंडं दिलं तरी विचारायचे, "हे नक्की खायचंच ना?"

*

ती खेप नासली. दुसरीही नासली. गल्लीचं एकच म्हणणं, लूमच्या खडखडाटाने अंडी आतून हलतात. मावशीसुद्धा म्हणाली, "ढग गरजला तरी अंडी जातात, हितं तं रोजचाच गडगडाट!"

ह्यांनी निकाल दिला, "शेवटचा चान्स. या वेळी पिल्लं निघाली नाहीत, तर काबरीचा रस्सा."

हाक मारली की काबरी माझ्या पाटाशेजारी येऊन बसायची. तिला कसं खाणार? मी चिडून म्हटलं, "आधी मला शिजवा!"

"तुला शिजायला फार वेळ लागेल," हे म्हणाले.

*

तिसऱ्यांदा काबरी बसली. दर शुक्रवारी मी माहेरी पडघ्याला जायचे. या खेपेच्या पहिल्याच शुक्रवारी गाडी चुकली, आणि तीही ह्यांचीच! दोन मिनिटं थांबवली नाही. तणतणत घरी आले, तर काबरी परसात येरझाऱ्या घालतेय आणि अंडी गार पडत चाललेली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, सगळीकडे शांतता. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ही बया आता लूमच्या आवाजालाच सरावलेली. आवाज थांबला की घाबरून उठते!

कारखान्यातल्या सलीमभाईंना हे सांगितलं तर ते हसत सुटले. "भाभी, छुट्टी के दिन हमको भी नींद नहीं आती!"

*

मी शिलाई मशीन ओढत परसात नेली आणि दोरा न घालताच पाटीशेजारी चालवत बसले. काबरी मुकाट्याने अंड्यांवर जाऊन बसली. दिवसभर पाय मारून पोटऱ्या भरून आल्या.

शांतावहिनींनी कुंपणावरून विचारलं, "काय शिवतेस गं एवढं?"

"पिल्लं!"

*

तिसरा शुक्रवार. पिल्लं निघायची वेळ भरत आलेली, आतून चोचींची टोचटोच ऐकू येत होती. आणि नेमका मशीनचा पट्टा तुटला! काबरी ताडकन उठली. मी तर रडायलाच लागले.

हे सुट्टीवर घरीच होते. आत गेले, तिकिटांची पत्र्याची पेटी आणि तिकिटं पंच करायचा चिमटा घेऊन आले आणि पाटीशेजारी मांडी ठोकून पेटीवर चिमटा वाजवत बसले. टक टक, टक टक! "तिकीट, तिकीट! चला, आत बसून घ्या!"

काबरीने मान वाकडी करून पाहिलं आणि बसली! हे तीन तास वाजवत होते. संध्याकाळपर्यंत बारा अंड्यांतून अकरा पिल्लं बाहेर. मी आनंदाने गल्लीभर ओरडत फिरले. रस्सा हा शब्द ह्यांनी पुन्हा काढला नाही.

सोमवारी सकाळी हे खाकी घालून ड्युटीला निघाले. दारात सवयीने चिमटा वाजवून पाहिला. टक टक!

अकराच्या अकरा पिल्लं काबरीला सोडून ह्यांच्यामागे धावली, पार गल्लीच्या टोकापर्यंत. हे मागे वळून ओरडले,

"अगं, आवर ह्यांना! सगळी विनातिकीट आहेत!"