चार कागदांवरचे मंडल

दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीत शरदिनीबाई टोकेकरांविषयी एक वाक्य ठरून गेले होते : "त्यांना मंडल मांडायला बोलवा, जेवायला बोलवू नका. आमटीतसुद्धा चूक काढतील." त्यावर कोणीतरी हटकून जोड देई, "आणि चूक असतेच, हे जास्त वाईट." १९९२ साली त्यांचे पती प्रल्हादशास्त्री वारले. त्यानंतर शेजारणी आवाज उतरवून एवढेच म्हणू लागल्या, "हात अजून चालतो हो, पण आता तो चौरंगाला लागायचा नाही."

व्रताच्या उद्यापनाला पूजेच्या चौरंगावर सर्वतोभद्र नावाचे मंडल मांडतात. अठरा घरे उभी, अठरा आडवी, आणि त्यांत रंगवलेल्या तांदळाचे पाच रंग. टोकेकरांच्या यजमानकृत्यात तीस वर्षे ते शरदिनीबाईंनीच मांडले होते. भटजी पोहोचण्याआधी त्या यजमानाच्या घरी जात, मंडल पुरे करीत आणि मागच्या दाराने परतत. प्रल्हादशास्त्री आणि धाकटे दीर बिंदुमाधवशास्त्री मागाहून येऊन त्यावर देवतांचे आवाहन करीत. मंडल शास्त्रीबुवांचेच, असा यजमानांचा समज असे आणि तो कोणी दूर केला नाही. वैधव्याबरोबर हे कामही गेले. बिंदुमाधवशास्त्र्यांनी बाजारातून छापील मंडलाचे कापड आणले. शरदिनीबाईंनी ते उलगडून पाहिले. मंडलातल्या हिरव्या वेलीला प्रत्येक अंगाला अकरा घरे हवीत, एका कोपऱ्यात दहाच होती. त्यांनी कापडाची घडी घालून परत दिली आणि त्याच आठवड्यात पुस्तक लिहायला घेतले. नाव साधे : 'मंडल कसे मांडावे'. छपाईचा भार स्वतःचा.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे आणि बँकेत नोकरी करी. मुद्रिते तपासायला त्यांनी माझ्याकडे दिली. कारणही सांगितले, "तुम्ही गावाकडचे. तुमची मराठी अजून शाबूत आहे, आम्ही पिढ्यान्पिढ्या इथले, आमच्यात हिंदी शिरली."

मजकूर छापून झाला, राहिले मुखपृष्ठ. छापखान्याचे मालक केसरीजी यांनी त्यांचे रंगीत चित्र पाहून मान हलवली. "माताजी, रंगीन चित्र का काम यहाँ नहीं होगा, दिल्ली भेजना पड़ेगा. नहीं तो हर रंग का अलग कागज़ बनाइए. लाल हो, पीला हो, सब काली स्याही से. कैमरा काला ही देखता है." चार ट्रेसिंग कागद, चारही कोपऱ्यांत एकावर एक बसणाऱ्या फुल्या, आणि कडेचा रंग कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर. बाई घाबरून माघार घेतील, अशी त्यांची अटकळ असावी.

शरदिनीबाईंनी विचारले, "यानी एक रंग पूरा करके दूसरा?"

"जी."

"तो हम और क्या करते थे?"

परतताना त्यांनी मला उलगडून सांगितले. नवखा माणूस घर-घर भरत जातो आणि चुकतो. त्या पिवळ्या तांदळाची वाटी हातात घेत आणि सगळी पिवळी घरे संपवूनच हिरवी उचलत. प्रत्येक रंगाचे स्वतंत्र चित्र त्यांच्या मनात तयारच होते. पांढऱ्यासाठी कागद लागलाच नाही. तो रंग छापायच्या कागदाचाच होता.

चूक झाली ती दुसरीच. पहिल्या खेपेला त्यांनी मंडल डाव्या अंगाला काढले. पुस्तकाचे मागचे-पुढचे वेष्टन एकाच कागदावर छापतात आणि त्यात पुढचे पान उजवीकडे येते, हे पोथ्या हाताळणाऱ्या घरात कोणाला ठाऊक असणार? केसरीजी हसले. शरदिनीबाईंनी चारही कागद पुन्हा काढले. मंडलाच्या बाहेरच्या तीन रेघा सुरीखाली जाऊ नयेत म्हणून त्यांनी पिवळी जमीन कापायच्या रेषेपलीकडे नेली आणि मंडल आत सुरक्षित ठेवले. काळ्या रंगासाठीच्या कागदावर, मंडलाखाली, बोरूने स्वतःचे नाव लिहिले : शरदिनी टोकेकर.

चार दिवसांनी नमुन्याची प्रत पाहायला आम्ही छापखान्यात गेलो. रंग नेमके बसले होते. नाव मात्र प्रल्हादशास्त्र्यांचे होते, मागे बिरुदांची रांग लावून.

"छोटे शास्त्रीजी आए थे," केसरीजी ओशाळून म्हणाले. "बोले, घर में तय हुआ है. नाम की पट्टी उन्होंने ही चिपकवाई."

शरदिनीबाईंनी ती पट्टी काळ्या कागदावरून सोलायला घेतली. गोंद चिवट होता. पट्टीबरोबर कागद फाटला आणि फाट मंडलात शिरली. यंत्र त्या दिवसापुरतेच मोकळे होते. दुसऱ्या दिवसापासून लग्नपत्रिकांची गर्दी. केसरीजींनी सुचवले, शास्त्रीजींचे नाव राहू द्या, वरची फाट आम्ही सांधू.

"कोरा कागद द्या," बाई म्हणाल्या आणि टेबलाशी बसल्या.

कोणीतरी निरोप दिला असावा. तासाभरात बिंदुमाधवशास्त्री येऊन उभे राहिले. "वहिनी, हे काय चालवलंय? दादांचं नाव मोठं होईल, तुम्हाला आनंद नाही?"

"तुमच्या दादांनी एक घर तरी भरलेलं आठवतं का, भावजी?"

"विद्या घराण्याची असते."

"मग तुमच्याकडेही असणार." त्यांनी टाक पुढे केला. "एक कोपरा मांडा. बरोबर आला तर हवं ते नाव घाला, मी सही देते."

यंत्रावरचा माणूस काम थांबवून पाहू लागला. बिंदुमाधवशास्त्र्यांनी टाक घेतला. तीस वर्षे त्याच मंडलावर त्यांनी देवता आवाहिल्या होत्या. कोपऱ्यातून तिरकी उतरणारी काळी साखळी त्यांनी सुरू केली, तीन घरे भरली, चौथ्यापाशी थांबले, आणि टाक खाली ठेवत म्हणाले, "हे बायकांचं काम आहे."

"तेच लिहिलं होतं मी खाली, बाईचं नाव."

शरदिनीबाईंनी दुसरा कागद घेतला. समोर नमुना न ठेवता दुपारपर्यंत काळी घरे पूर्ण केली, फुल्या जुळवल्या, शेवटी बोरूने नाव लिहिले, पूर्वीपेक्षा बोटभर मोठे. केसरीजींनी कागद उजेडात धरून बाकीच्या तिन्हींवर ठेवला आणि कॅमेऱ्याच्या खोलीत नेला.

बिंदुमाधवशास्त्री अजून दारातच होते. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "यजमान मला विचारतील, वहिनी. विधवेच्या हातचं मंडल कसं चालतं, म्हणतील. मी काय सांगू?"

शरदिनीबाई बोटांवरची शाई पुसत म्हणाल्या, "सांगा, देव तीस वर्षं माझ्याच मांडणीवर येऊन बसले. त्यांची तक्रार असली तर ते येतील. तुम्ही येऊ नका."