नंबर माझा होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच. आणि ऐकून झाल्यावर ‘अगं, तुझा हेतू चांगला होता’ असं म्हणणार असाल, तर आत्ताच उठा. तेच मला नको आहे.

पंचवटीत माझं पार्लर आहे. खुर्चीत बसलेली बाई डोळे मिटते आणि बोलायला लागते — सासूचं, नवऱ्याचं, नको नको ते. माझ्या पोटातून कधी शब्द बाहेर गेला नाही. केवढा तोरा होता मला त्याचा. म्हणून तर सायली माझ्याकडे आली ना?

सायली माझ्या सिन्नरच्या ताईची मुलगी. कॉलेजसाठी माझ्याकडे राहायची. शनिवारी एसटीने घरी गेली की दाजी आधी तिचा फोन तपासायचे, मग चहा घ्यायचे. बारावीत पोरगी सुकत चालली. एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हणाली की तिला झोपच लागत नाही. सरकारी दवाखान्यात तिच्या वयाच्या मुलांशी बोलायला एक मॅडम बसतात, त्यांच्याकडे ती जाऊन आली होती. केसपेपरवर मोबाईल नंबर लागतो, आणि स्वतःचा द्यायची तर सोय नाही. “मावशी, तुझा दिलाय. घरी नको ना सांगूस.” मी तेलकट हात तिच्या डोक्यावर ठेवून शपथ घेतली.

मग मेसेज यायला लागले. अमुक दिवशी समुपदेशन आहे, वेळेवर या. मी तिला दाखवायचे आणि गप्प बसायचे. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. झोप येत नाही म्हणून कुणी इतक्यांदा जातं का? काय भानगड असेल? तिला सरळ विचारायचं ना — समोर तर बसलेली असायची. नाही विचारलं. खरं सांगू? काळजी तिची होती, पण तिच्या आधी माझी होती. उद्या काही निघालं तर सगळे म्हणतील, मावशीकडे ठेवली आणि पोर वाया गेली.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. मेसेज आला. मी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि ताईला पाठवून दिला.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही, तर ते कशाला बोलायचं? ताईने लगेच फोन करून विचारलं की हे तुझ्याकडे कसं आलं. मी म्हटलं, त्या मॅडमनीच पाठवलं, घरच्यांच्या कानावर घाला म्हणाल्या. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. सायलीलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाजी आले आणि तिचा फोन त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर आपटला. त्यात काय होतं ते मागाहून कळलं. इन्स्टावर कुणी एक पोरगा तिच्या गॅदरिंगच्या फोटोची घाण करून तिला धमकावत होता. त्याचे मेसेज वाचले की आपोआप पुसले जायचे, म्हणून मॅडमनी तिला बजावलं होतं की प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये लपवून ठेव, तोच पुरावा आहे. आईला कसं सांगायचं, सायबर पोलिसांकडे कधी जायचं, हे त्या दोघी मिळून ठरवत होत्या. पोरगी तयार होत आली होती. आणि मी तो पुरावा झाडूने सुपलीत भरला.

सायली दवाखान्यात मॅडमना जाब विचारायला गेली. मीही मागोमाग गेले, मला भीती होती ना. तिने मॅडमना दारातच विचारलं, तुम्ही का सांगितलं? त्या म्हणाल्या, मी कुणालाच सांगितलेलं नाही. सायलीने वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हटलं, “मॅडम, फोन तर तुमचाच आला होता.”

त्यांना कळलं. केसपेपरवरचा नंबर कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण सायलीने विश्वास माझ्यावर ठेवला — मी मावशी, त्या परक्या. त्या दारात ती परत गेली नाही. फोटो फिरायचा तो फिरलाच. कॉलेज सुटलं, परीक्षा राहिली.

हल्ली पार्लरच्या टीव्हीवर नव्या कायद्याची चर्चा असते. अठराच्या आतल्या मुलांना आईबापांच्या संमतीशिवाय इन्स्टाबिन्स्टावर खातं नको, म्हणे. बायका माना डोलावतात. एक वकीलबाई गिऱ्हाईक आहे, तिला मी दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून हे विचारलं. म्हणाली, अल्पवयीन मुलगी म्हटल्यावर घरच्यांना कधी ना कधी सांगावंच लागतं. लागत असेल. पण मी काही कायदा वाचून स्क्रीनशॉट काढला नव्हता. त्या कायद्याआड मी लपणार नाही आणि कुणी मला लपवूही नये.

परवा सिन्नरला बारसं होतं. सायलीला अजून झोप लागत नाही. तिची चुलतबहीण म्हणाली, अगं दाखव ना कुणाला तरी. सायली वाट्या मांडत होती. मान वर न करता म्हणाली, “नको. ते घरी सांगतात.”

मी शेजारीच जिलबी वाढत होते. वाढतच राहिले.

रविवारी मी सिन्नरला जातेय. माफी मागायला नाही. थोरल्या माणसाने हात जोडले की त्या पोरीला ‘असू दे मावशी’ म्हणावंच लागतं, आणि तिच्याकडून तिचा हक्काचा रागही काढून घ्यायला मी तयार नाही. ताई-दाजी बसलेले असतील, त्यांच्यासमोर बोलेन. मॅडमनी नाही सांगितलं, सायली. मी सांगितलं. त्यांच्या दारात तुझ्या तोंडावर खोटं बोलले, तीही मीच.