सासूबाईंची गावपळण

आचऱ्याला दर काही वर्षांनी अख्खं गाव पळतं. ग्रामदेवाला कौल लावायचा आणि त्याने हुकूम दिला की गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जायचं. मागे गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. ह्याला गावपळण म्हणतात. मी फोंडाघाटची, लग्न ठरलं तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वडिलांनी स्थळच नाकारलं असतं. धडधाकट घर सोडून माळावर झोपणाऱ्या लोकांत मुलगी कोण देतं?

पण त्या वर्षी मला काळजी होती ती सासूबाईंच्या तोंडाची. मशेरीची चिमूट बोटावर घेतल्याशिवाय त्यांचं कुठलंही काम सुरू होत नसे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावून त्या घटकाभर ओट्यावर बसत, मग जग चालू. भातलावणीपासून त्यांच्या डाव्या गालात आतून जखम होती आणि ती भरत नव्हती. माशाची तिखट आमटी त्या माझ्या पानात ढकलू लागल्या तेव्हा मला ते कळलं. दवाखान्यात चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. डॉक्टर पडला गावचा जावई, त्यांच्या चुलत नणंदेच्या लेकीचा नवरा. त्याच्यासमोर पदर तोंडावर ओढायचा असतो, तोंड उघडायचं नसतं. गावात दुसरं कोणी हे इतकं पाळत नव्हतं, पण त्या पाळत होत्या. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. त्या घरात माझ्याशी मायेने बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

वेशीबाहेरच्या माळावर चिरेखाणीचे मजूर वर्षभर झोपड्या करून राहत. घाटावरून पोटासाठी आलेली माणसं. एरवी आम्ही त्यांना परके म्हणायचो. आता आम्हीच झावळ्या डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात उभे. चुलीला दगड त्यांनी दिले, वारा कुठून येतो तेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे सरकारी जीप आली. तिच्यातून एक तरुण डॉक्टर आणि एक नर्सबाई उतरल्या. बाहेरून आलेल्या खाणमजुरांना तंबाखूचे दुष्परिणाम समजावून सांगायचे आणि त्यांची तोंडं तपासायची, असा त्यांना हुकूम होता. दहावीस झोपड्या असतील अशा हिशेबाने आले होते, आणि समोर अख्खा माळ माणसांनी भरलेला. डॉक्टरांनी सगळ्यात पुढे बसलेल्या आमच्या गावकरांना, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांना, तुमचं घर कुठे म्हणून विचारलं.

"ता काय, माडांच्या मागे दिसता ता."

"मग तिथे का राहत नाही?"

"देवान भायर काढल्यान."

"परत कधी जाणार?"

"देव सांगतलो तेवा."

डॉक्टरांनी नर्सबाईंकडे बघितलं. ह्या लोकांना कोणीतरी घराबाहेर काढलंय आणि दुःखाने त्यांचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आम्हाला धीर दिला. कलेक्टरसाहेबांच्या कानावर घालतो म्हणाले. आमच्या लोकांनीही, पाहुणा एवढं म्हणतोय तर कशाला मोडता घाला, म्हणून माना डोलावल्या.

मग भल्यामोठ्या उघड्या तोंडाचं रंगीत चित्र बांबूला टांगलं गेलं. ते बघून पोरं रडायला लागली. शुभकार्याला गाऱ्हाण्याशिवाय सुरुवात कशी करायची, म्हणून गावकर उठले आणि ही इडापीडा सात समुद्रापार जाऊ दे, असं त्यांनी देवाला साकडं घातलं. आम्ही सगळे रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हणालो. ती लय एकदा बसली की सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, तंबाखूने तोंडात जखम होते. व्हय म्हाराजा. ती दुखत नाही म्हणून माणूस फसतो. व्हय म्हाराजा. डॉक्टरांना हुरूप आला. आपलं बोलणं लोकांना इतकं पटलेलं त्यांनी कधी बघितलं नसावं. शेवटी ते म्हणाले, "तर तंबाखू आजपासून सोडा."

सगळ्यांनी गावकरांकडे बघितलं. गावकरांनी अदबीने सांगितलं की त्याला कौल लावायला लागेल, आणि देव सध्या गावात आहे, आम्ही बाहेर.

तपासणी सुरू झाली. खाणीवरचे मजूर आधी, त्यांच्या मागे आमची माणसं. सासूबाई झोपडीत तोंड फिरवून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी मलाच कामाला लावलं. डॉक्टर कुठला, आजोळ कुठलं, बायको कुठली, सगळं विचारून ये म्हणाल्या. मी नर्सबाईंना विचारून आले. सगळी माणसं मिरजेकडची. आमच्या सात पिढ्यांत तिकडे सोयरीक नव्हती. सासूबाईंनी क्षणभर विचार केला, उठल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी बॅटरी लावली, विझवली, पुन्हा लावली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की हे कापून काढायला हवं, आठवड्याच्या आत मिरजेला न्या. मी ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

चौथ्या दिवशी गावकर एकटे देवळात गेले, देवाने परतायचा कौल दिला, ढोल वाजला, आणि गुराढोरांसकट गाव घराकडे धावलं. सासूबाई चुलीपाशी बसूनच राहिल्या. घरात एकदा पाय टाकला की भात, गुरं, पाव्हणे, आपण पुन्हा बाहेर पडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावकर बोलवायला आले तर त्यांना म्हणाल्या, "तुमची सरली. माजी गावपळण अजून सरूक नाय."

गावपळणीचं नाव निघाल्यावर गावकरांनी हात जोडले. शेजारणीने न सांगताच आमची गाय सांभाळायला नेली. त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने आईला एस.टी.त बसवलं. ती रात्र माझ्या माहेरी काढून दोघं घाट चढून मिरजेला गेली.

पावसाच्या तोंडावर त्या परतल्या. एस.टी. त्यांनी वेशीवरच थांबवली आणि आपलं गाठोडं घेऊन झाडाखाली बसल्या. कौल मिळाल्याशिवाय गावपळण संपते कशी? निरोप गेला, गावकर देवळात गेले. देव काही केल्या बोलेना. अर्धं गाव वेशीच्या आत उभं, त्या बाहेर, आणि आभाळ भरून आलेलं. त्यांचा डावा गाल खोल बसला होता. मी त्यांना बघून रडले तर मला दटावलं. अखेर ढोल वाजला.

मला वाटलं, आता घरी येतील. त्या तडक दवाखान्यात गेल्या. पदर खांद्यावर, खोल गेलेला गाल सगळ्यांना दिसत होता. गावचे जावई पान-तंबाखू चघळत बसले होते. सासूबाईंचे शब्द आता अर्धे वाऱ्यावर जात, पण हे सगळ्यांना कळलं.

"जावयबापू, पान थुका आनि तोंड उघडा."

जावयांनी निमूटपणे उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याच टेबलावरची बॅटरी उचलली आणि वाकून आत बघितलं.