हनोईत हुकलेली भवानी

राजाजीनगरात नागनाथअण्णांचं साड्यांचं दुकान माझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानाला लागून आहे. माणूस तोंडाचा गोड, घासाघिशीत मात्र महाचिवट. दिवसाच्या पहिल्या विक्रीला, भवानीला, ते फार जपतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवसभर जमदग्नीचा अवतार.

मागच्या वर्षी मुलगी वाणी त्यांना आणि सुशीलाबाईंना व्हिएतनामला घेऊन गेली. हनोईच्या बाजारात सकाळी एक बाई नुकतंच दुकान मांडत होती. "बघ, भाव कसा पाडायचा असतो ते," असं बायकोला सांगून अण्णांनी एक रेशमी पिशवी उचलली. अर्धा तास कॅल्क्युलेटर इकडून तिकडे फिरत होता. शेवटी बाई काकुळतीला येऊन त्यांच्या आकड्यावर आली, तिने पिशवी बांधूनही दिली. तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "नको." जिंकायचं होतं ते जिंकून झालं होतं.

चार पावलांवर त्यांनी मागे वळून पाहिलं. बाई पेटता कागद मालावरून फिरवत होती. वाणीने वाटाड्याला विचारलं. पहिलं गिऱ्हाईक भाव करून तसंच गेलं, की अवदसा घालवायला तिथले दुकानदार असं करतात म्हणे. अण्णा धावत परत गेले, मागेल तो भाव द्यायला तयार झाले. बाईने त्यांच्याकडे न बघताच हाताने हाकललं.

तेव्हापासून अण्णांचं काही खरं नाही. सकाळी शटर उचललं की ती बाई आत उभी असते, असं ते म्हणतात. बोलत नाही, नुसती बघते. "तिला व्हिसा कुणी दिला, अण्णा?" असं मी एकदा विचारलं. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

गेल्या सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. ती बिचारी कानडी मिसळून "स्वल्प कमी करा, अण्णा" म्हणत राहिली. हे ढिम्म. ती गेल्यावर सुशीलाबाई भडकल्या.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"लागू दे. आज माझाही दिवस वाया जाऊ दे. मग ती हनोईची बाई जाईल."

पण तासाभरात यशवंतपूरहून एक लग्नघर येऊन थडकलं. मग आणखी माणसं आली. संध्याकाळपर्यंत अण्णांना पाणी प्यायला सवड मिळाली नाही. गिऱ्हाइकं वाढली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

दुकान बंद करताना ते माझ्याकडे आले.

"मला काहीच झालं नाही रे," ते म्हणाले. "त्या बाईचाच दिवस तेवढा वाया गेला."